अंगठा घेऊन दिलेली सुई

महिन्यातल्या एका रविवारी मी फुलचूरहून नागझिऱ्याकडच्या एका गावात एका मंडळाच्या मोफत तपासणी शिबिरात डॉक्टर म्हणून जातो. दोन वर्षांपूर्वी तिथल्या शाळेच्या व्हरांड्यात मी एका माणसाला कंबरदुखीची सुई दिली. उन्हाळ्यात जंगलात वणव्यावर पहारा देणारा तो मजूर. मी गोळ्या लिहून दिल्या तेव्हा म्हणाला, "सुई नाही, त मंग इतक्या दुरून आलो कायले?" मागे रांग वाढली होती. मी सुई भरली.

समोर बायका बसलेल्या. लाजून त्याने लुंगी वरून सैल करण्याऐवजी खालून उचलली आणि उभाच राहिला. त्याला आडवं करायला हवं होतं, सुई कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या भागात द्यायला हवी होती. हे कुठलीही नर्स सांगेल. मी दिसली त्या जागी टोचली.

"पायात करंट गेला जी," तो म्हणाला.

"होतं तसं," म्हणून मी पुढच्याला बोलावलं.

पुढच्या महिन्यात तो पाऊल फरफटत आला. पंजा वर उचलत नव्हता. नसेला इजा झाली हे मला पाहताक्षणी कळलं.

शिबिरात नोंदणीच्या टेबलावर एका कागदावर प्रत्येकाचा अंगठा घेतात: सेवा विनामूल्य आहे, काही विपरीत घडल्यास डॉक्टर जबाबदार नाहीत. लोकांना वाटतं, तो औषधासाठीचा अंगठा. मी मंडळाच्या वकिलाला फोन केला. तो म्हणाला, "कोर्ट में ये कागज टिकेगा नहीं, पर वो कोर्ट आएगा कहाँ? बस, सॉरी मत बोलना."

मी त्या माणसाला अशक्तपणा सांगितला आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या. नागपूरला पाठवलं असतं तर कारण निघालं असतं. म्हणून पाठवलं नाही. हे मी घरीही कधी बोललो नव्हतो.

गेल्या महिन्यात तो बायकोला घेऊन आला. पहाऱ्याचं काम कधीच सुटलं होतं. पाय गेला त्यामागे देवाच्या झाडाखालून चपला घालून गेल्याचा दोष निघाला, म्हणून त्यांनी देवाला दोन कोंबडे दिले होते.

"आता बकरा मागून राह्यला देव," बायको म्हणाली. "तुमी शिकले-सवरले. सांगा, अजून काय चुकला आमचा?"

"तुमचं काही चुकलं नाही," मी म्हणालो. "मी सुई चुकीच्या जागी दिली. मला तेव्हाच कळलं होतं."

त्याने लुळ्या पंजाकडे बोट केलं. "मी त तवाच सांगतलो होतो. करंट गेला म्हणून."

"मंग आमी कोंबडे कापून राह्यलो, तवा काऊन नाही बोलले?" बायकोने विचारलं.

आता नागपूरला नेलं तर पाय बरा होईल का, असं त्याने विचारलं. फार उशीर झाला, हेही मलाच सांगावं लागलं.

तो बायकोच्या खांद्याला धरून उठला. जाताना रांगेतल्या पहिल्या माणसाला म्हणाला, "याच्याजवळून सुई नको घेजो बा."

रांगेतलं कोणी उठलं नाही. दुसरा डॉक्टर तिथे येत नाही.