खांबाला ग्रॅनाइट नको

कंपनीने मशीन तपासायला जर्मनीला पाठवलं, तेव्हा एका रविवारी मी टेकडीवरचा यात्रेचा मठ पाहिला. बरोक, म्हणजे अठराव्या शतकातल्या नक्षीदार युरोपीय शैलीतला. जुना मठ लढाईत जळाला, पण मारियामातेची लाकडी मूर्ती वाचली. दर्शनाला लोक येतच राहिले, म्हणून साधूंनी तिच्याभोवती हा नवा बांधला. बाहेरून साधा, पिवळसर. आत मात्र लंबगोल सभागृह, सरळ रेघ अशी कुठे नाहीच. छतावर असं आकाश रंगवलेलं की भिंत कुठे संपते ते कळेना.

लालसर संगमरवरी खांब मी कामाच्या सवयीने बोटाने वाजवला. आवाज बद्द आला.

"हा दगड नाही," मी म्हणालो.

मठ दाखवणाऱ्या बाई हसल्या. "गिलावा आहे. रंग कालवून घोटलेला. दगडापेक्षा महाग पडला होता."

मला शहरात मिसळलेल्या आमच्या गावातला, रहाटणीतला मठ आठवला. त्याला सहा खांब, चुन्याच्या गिलाव्याचे. नवस फेडणारा प्रत्येक जण खांबाला ऑइलपेंटचा एक हात द्यायचा. आत ओल कोंडून पोपडे सुटले होते. यात्रेआधी ग्रॅनाइट लावायचं घाटत होतं आणि माझे चुलतेच मठाच्या मंडळाचे अध्यक्ष.

परतल्यावर बैठकीत मी म्हणालो, "काका, ग्रॅनाइट लावायला गिलावा फोडावा लागेल. गेला की गेला."

"मग पोपडं तसंच ऱ्हाऊ द्यायचं व्हय? शेजारच्या नव्या सोसायटीचं ग्रॅनाइटचं गेट बघ, आमच्या देवापरीस झ्याक हाय."

"एक खांब द्या मला. रंग उतरवून दाखवतो."

"जर्मनी बघून आलेत, ऐका राव!" मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

"एकच," काका म्हणाले. "न्हाई जमलं तर ग्रॅनाइट."

बायको आणि मी रंगाचे थर हलक्या हाताने उतरवले. खाली हस्तिदंती रंगाचा घोटलेला चुना निघाला, गुळगुळीत, तळाशी गेरूची वेल. टेपने मोजलं. तळाच्या आणि माथ्याच्या घेरात एका बोटाचाही फरक नव्हता.

काकांनी खांबावरून तळवा फिरवला. "आपल्याच मान्सांनी घोटलाय ह्यो?"

"आपल्याच."

ग्रॅनाइट रद्द झालं. उरलेल्या पाच खांबांचा रंग उतरवायला पाच घरं पुढे आली. पहिलं काकांचं.