मी चंद्र सपाट केला

आता माझ्या हातून चंद्राचं काय झालं, ते काय सांगू तुम्हाला! चहाचा घोट आधी गिळा, नाहीतर ठसका लागेल.

माझी मुलगी मुक्ता अंतराळ संस्थेत आहे. चंद्रावर जी गाडी पाठवायची, ती आधी इथल्याच चंद्रासारख्या जमिनीवर चालवून बघतात. धोंडे, खड्डे, धूळ यांतून गाडीनं कॅमेऱ्यानं बघत स्वतःच वाट काढायची. अशी जागा शोधायचं काम मुक्ताकडे आलं आणि तिनं कुठली सुचवावी? हरसूलजवळचा आमचा माळ! काळे दगड, खड्डे, उन्हाळ्यात गवताची काडी नाही. तिच्या साहेबांना माळाचे फोटो पसंत पडले. नोकरीतली तिची ही पहिलीच मोठी जबाबदारी. फोनवर तिनं मला बजावलं, माळाला हात लावू नका.

तुम्हीच सांगा, पाहुणे येणार आणि हात लावायचा नाही? शहरात, इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये मला चैन पडेना. टीव्ही लावला, बंद केला. गॅलरीत गेलो, परत आलो. बायको म्हणाली, जरा बूड टेका. टेकलं, पण जीव माळावर. एवढे शास्त्रज्ञ येणार आणि आमची जमीन ही अशी? शेवटी ते येण्याच्या आदल्या दिवशी सकाळीच, मुक्ताला न सांगता हरसूल गाठलं.

गावातल्या रामदासला ट्रॅक्टर घेऊन बोलावलं. तो बिचारा म्हणाला, "नाना, ताई तर नाय म्हनली व्हती ना?"

म्हटलं, पोरी संकोचानं म्हणतात तसं, बापानं समजून घ्यायचं असतं. दिवसभर दगड वेचून बांधाला रचले, खड्डे बुजवले, जमीन सपाट करायला वरून ट्रॅक्टरनं फळी मारली. माळ असा झाला, की क्रिकेटची मॅच लावावी. कडेनं रांगोळी घातली. तरी जिवाला घोर, हार आणायचे राहिले म्हणून.

दुसऱ्या दिवशी जीप आल्या. मुक्ता उतरली आणि तिथेच थांबली.

"बाबा, दगड कुठायत?"

"बांधावर, ओळीनं लावलेत. नाहीतर गाडी अडकली असती ना तुमची."

"अडकते का, तेच बघायला आलोय आम्ही."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांसमोर पोरीचा शब्द मी मातीत घातला होता.

तिचे साहेब मात्र थंड डोक्याचे. त्यांनी मुक्ताकडचे माळाचे आधीचे फोटो मागवले आणि पहिला धोंडा स्वतः उचलला. मग काय, भर उन्हात आम्ही सगळे चंद्र परत मांडायला लागलो. मुक्ता फोटो बघून जागा दाखवायची, मी दगड ठेवायचो, रामदास खड्डे खणायचा. एखादा दगड मी जरा सरळ करायला गेलो, की मुक्ता डोळे वटारायची. उन्हं कलेपर्यंत माळ पहिल्यासारखा ओबडधोबड झाला.

गाडी सोडली. मी दगडांच्या मधोमध उभा, काही लागलं तर हाताशी असावं म्हणून. गाडी माझ्यासमोर येऊन थांबली. मग उजवीकडे वळली. वाट द्यावी म्हणून मीही उजवीकडेच सरकलो. ती पुन्हा थांबली. डावीकडे वळली, तसा मीही डावीकडे.

साहेब जवळ आले. अगदी अदबीनं म्हणाले, "काका, सगळं चंद्रासारखं झालंय. फक्त एकच गोष्ट तिथं नसते."

"सांगा ना साहेब, आत्ता हलवतो."

"तुम्ही."