आक्काच्या आढीतली कोय

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी बेळगावला, वडगावच्या घरात चहात बिस्किट बुडवत बसले होते. शेजारच्या विणकरांच्या मागांचा खडखडाट एवढा की पुतण्याला, बंडूला, दोनदा ओरडावं लागलं, “काकी, आई गेली!” बिस्किट चहात पडलं... आणि डोळ्यांत पाणी यायच्या आधी मनात काय आलं म्हणाल, तर ‘तात्या मात्र अजून जिवंत आहे.’ देवाच्या घरी न्याय नाही असं लोक उगीच म्हणत नाहीत.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. शेवटची भेट झाली तेव्हा ती अंथरुणावर होती. आढीच्या खोलीची किल्ली कमरेची सोडून तिनं माझ्या हातात कोंबली. आमच्याकडे पिंजरात, म्हणजे भाताच्या पेंढ्यात, आंबे रचून ती खोली बंद केली की घरातल्या थोरल्या बाईशिवाय कुणी दार उघडायचं नाही. “बंडू मऊ हाय, देऊन टाकील,” ती म्हणाली. कुणाला, ते मी विचारलं नाही. “मी जिती हाय तवर त्येच्या तोंडाला माझा आंबा लागला न्हाय. मेल्यावर बी लागू दिऊ नगंस.” मी “व्हय” म्हटलं. मरणाऱ्या माणसाला दिलेला शब्द मोडू नये, आणि मोडायची मला इच्छाही नव्हती.

मी लग्न होऊन आले तेव्हा आक्काच्या कुंकवावर वरवंटा फिरलेला होता, बंडू मांडीवर होता आणि वाट्याला आलेला माळ म्हणजे नुसते दगड. निपाणीकडचा आमचा गाव सगळा तंबाखूवाला. या बाईनं ठरवलं, आंबा लावायचा. माझे यजमान बेळगावात नोकरीला, त्यांनी मला तिच्या सोबतीला ठेवलं. सोबत कसली, लोढणंच! मी बेळगावच्या खासबागेतली, दोन वेण्यांची, आंबा पाटीतच उगवतो अशा समजुतीची. पहिल्याच दिवशी उंच टाचांची चप्पल घालून चिखलात उतरले. त्यातली एक अजून त्या माळावरच आहे कुठेतरी.

कलमं लावली त्या दिवशी तात्या आला. हा आमच्या नवऱ्यांचा चुलतभाऊ, बांधाला बांध लागून. माळ वाट्यानं मला कसायला द्या, म्हणून तो कधीचा मागं लागलेला होता. एकदा त्याच्या हातात गेलेली जमीन परत येत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. चार माणसांदेखत तो म्हणाला, “पयलं पाणी सवाष्णीनं घालायचं असतंय. रांडवा बाईच्या हातचं झाड फळत न्हाय.” सवाष्ण म्हणून मी तांब्या घेऊन उभीच होते, वेंधळ्यासारखी. आक्कानं माझ्या हातातला तांब्या काढून घेतला आणि सगळ्या रोपांना स्वतः पाणी घातलं. ती बोलली नाही की मला भीती वाटायची.

पुढच्या उन्हाळ्यात तात्याच्या म्हशी आमच्या कुंपणात शिरल्या. दावी तुटली म्हणे. सगळ्यांची एकदम! सकाळी बघतो तर एकाही कलमाला शेंडा राहिलेला नव्हता. मी भोकाड पसरलं. बाग मेली तर माळ तात्याच्या घशात जाणार, एवढं मलाही कळत होतं. आक्का मात्र प्रत्येक खुंटाशी उकिडवी बसून बोटानं चाचपत होती. मुळं जिवंत होती. पाऊस झाल्यावर खुंट खालून फुटले; ती फूट कलमाची नव्हे, खालच्या रानटी आंब्याची. तिनं त्यांच्यावर पुन्हा कलमं बांधली, फक्त एक खुंट तसाच सोडला.

“हे का वो ठेवलं?”

“ऱ्हाऊ दे. कामाचं हाय.”

आणि मी काय केलं असेल? मी तिला क्षमेवर व्याख्यान दिलं! वाचलेलं सगळं ओकले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “झालं? आता शेण कालव.”

बाग धरली. कशी धरली ते माझ्या कमरेला विचारा. ओढ्यावरनं कावडीनं पाणी, भिरूड लागलेल्या भोकात तार घालून अळी ओढायची, देठ ठेवून आंबा उतरवायचा, नाहीतर चिकानं साल जळते. गड्यांना शिव्या सगळ्या कानडीत, म्हणजे देवाला कळू नयेत. तिच्या आंब्याला बेळगावची गिऱ्हाइकं माळावर येऊन थांबायला लागली, तसा एक दिवस तात्या गोड हसत आला. “वैनी, झालं गेलं इसरा. मला बी थोडी कलमं बांधून द्या.”

“दीन की, भावजी,” आक्का म्हणाली.

सोडलेल्या त्या खुंटाचं तोवर झाड झालं होतं. आंबे असे आंबट की माकडानं हातातला टाकावा. आक्कानं त्याच झाडाच्या काड्या काढल्या आणि उत्तम कलमं बांधली. बांधायच्या पट्ट्या मी धरल्या. व्याख्यानाचं पुढं काय झालं, विचारू नका.

तात्यानं ती झाडं लेकरासारखी वाढवली. कुंपण घातलं, राखण केली. पहिलं फळ आलं ते त्यानं स्वतः न चाखता पाट्या भरून, वाजतगाजत, लेकीच्या सासरी पाठवलं. व्याह्यांनी सगळी भावकी बोलावून फोडी वाटल्या... पुढं त्या घरात बरीच वर्षं तात्याला ‘या, बसा’ म्हणायच्या आधी सगळे तोंड वाकडं करून हसायचे.

तो आमच्या दारात येऊन थयथय नाचला. आक्का उंबऱ्यावर बसून शेंगा फोडत होती. “मी कुठं फसवलं? कलमं मागितली, कलमं दिली. तुमच्याच म्हशींनी चाखून पसंत केल्याली जात हाय ती, भावजी.”

हे वाक्य बोलता यावं म्हणून ती बाई इतकी वर्षं गप्प राहिली होती. नव्वदीच्या घरात पोचली तरी कुणी विचारलं की पुन्हा सांगायची, आणि प्रत्येक वेळी शेंग फोडायची.

बाराव्याला तात्या आला. काठी टेकत, दात नाहीत, नातसुनेनं धरलेला. जेवणं उरकल्यावर आढीच्या दाराशी कट्ट्यावर बसला आणि मला म्हणाला, “वैनी, डॉक्टरनं सांगितलंया, आता काय ते खाऊन घ्या. लई वर्सं नुसता वास घेतोय. एक फोड द्या.” बंडू माझ्याकडं बघायला लागला. “काकी, जाऊ दे आता. मेल्यावर वैर सपतंय.”

“ती मेलीया. मी न्हाय.”

मी कुलूप काढलं, चपला बाहेर ठेवल्या, आत गेले. आक्काचा पाट भिंतीशी तसाच होता. पिंजर सारलं, देठाशी नाक नेऊन तिच्यासारखाच एक निवडला, तिच्या पाटावर बसले आणि चोखून चोखून खाल्ला. घाई केली नाही. कोपरापर्यंत रस आला. दार उघडंच ठेवलं होतं... वास बाहेर जायला हवा ना!

मग कोय तांब्यातल्या पाण्यानं स्वच्छ धुतली, केळीच्या पानात गुंडाळली आणि तात्याच्या हातावर ठेवली.

“लावा भावजी. बाईच्या हातचं हाय, फळतंय. जरा दम धरा म्हंजे झालं.”

किल्ली माझ्या कमरेला आहे. रोज सकाळी मी खासबागेपर्यंत चालत जाऊन येते, गुडघे कितीही कुरकुरले तरी. तात्याच्या आधी जायचं नाही, एवढंच ठरवलंय.