चौथं ताट

ताटं मोजण्यात माझी कधी चूक होत नसे. डिलाईल रोडच्या चाळीत आमची एक खोली होती आणि त्या खोलीत मी खाणावळ चालवायचे. दोन पाळ्यांत मिळून बावीस माणसं जेवायला. सगळे गिरणीतले, सगळे कोकणातले, बायकामुलं गावी ठेवून आलेले. कोण रात्रपाळीला गेलाय, कुणाचा सोमवार आहे, कोण कालच्या आमटीवरून रुसून बसलाय, हे मला ताटं मांडतानाच ठाऊक असायचं. एक ताट जास्त मांडलं तर भात वाया, आणि एक कमी पडलं तर माझी अब्रू.

मग संप झाला. पहिले काही महिने माणसं होती, सभा होत्या, रोज कुणीतरी उद्या मिटणार म्हणून सांगत यायचं. पुढे एकेक जण वळकटी बांधून गावी गेला. जाताना प्रत्येकजण सांगायचा की वहिनी, परत आलो की पहिलं जेवण तुझ्याकडेच. खाणावळ बंद झाली तेव्हा दाराला कुलूपसुद्धा लावता आलं नाही, कारण राहायचंही तिथंच होतं.

माझा नवरा साचे खात्यात विणकर होता. तोंडावर मी त्याला अहोजाहो करायचे. इथं ‘तो’ लिहितेय, कारण आता रागवायला तो नाही. पुढे गिरण्या हळूहळू सुरू झाल्या, काहींना परत घेतलं, काहींना नाही. त्याला नाही घेतलं. तो दारू प्यायला लागला नाही, हात उचलला नाही, साधा वरच्या आवाजात बोललाही नाही. बाहेरच्या बायका म्हणायच्या, नशीबवान आहेस. माझा नवरा डोळ्यांदेखत माणसांतून उठत चालला होता आणि ते सांगायचं कुणाला?

त्याची एक खूण होती. तो कुणाकडे जेवत नसे. गणपतीत कुणाच्या घरी गेला तर दारातूनच नमस्कार. सख्ख्या मावसभावाच्या लग्नात पंगतीतून उठून आला. कुणी आग्रह केला की ठरलेलं वाक्य: “मी जेवान इलंय.” कुठून जेवून येणार होता? घरीसुद्धा तो माझ्यानंतर, दाराकडे पाठ करून, दोन घास खायचा. मी मिळवून आणलेलं अन्न आहे, हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही, पण त्याच्या पाठीवर ते वाचता यायचं. त्या दिवसांत आमच्या भागातली कितीतरी माणसं अशी आवाज न करता संपली. रात्री त्याचा श्वास ऐकत मी पडून राहायचे. मला एवढंच हवं होतं, की त्यानं एकदा कुणाच्या तरी घरी मांडी घालून, पोटभर, चारचौघांसारखं जेवावं.

मला काम मिळालं होतं गिरगावात, खोताच्या वाडीत. एका म्हाताऱ्या ख्रिस्ती बाईंचं लाकडी घर होतं, खाली त्या स्वतः राहायच्या आणि वरचा मजला भाड्यानं दिलेला. वर पोलंड देशाचं कुटुंब होतं: साहेब, मॅडम आणि सहा वर्षांची मुलगी. साहेब बंदरावर कसलीशी यंत्रं बसवायला आले होते. त्यांना मासे करता येणारी बाई हवी होती. म्हाताऱ्या बाईंनी माझ्या हातचं कोलंबीचं सार चाखून पाहिलं आणि मला वर पाठवलं.

मॅडम चांगल्या होत्या. चांगल्या म्हणजे माझ्या स्वयंपाकात नाक न खुपसणाऱ्या. बाजारात शिकलेल्या मोडक्या हिंदीत त्या बोलायच्या, मी माझ्या मोडक्या हिंदीत उत्तर द्यायचे, आणि दोघींचंही चुकत असल्यामुळे कुणाला लाज वाटायची नाही. त्यांची आई त्या वर्षीच्या उन्हाळ्यात गेली होती. त्यांना जाता आलं नव्हतं. आईचा फोटो पुढच्या खोलीत कपाटावर होता, डोक्याला रुमाल बांधलेली म्हातारी, आमच्या गावच्या कुठल्याही म्हातारीसारखी हट्टी हनुवटी.

संपानंतरचा दुसरा नाताळ. वाडीत घरोघरी कागदी चांदण्या लागल्या होत्या, खालच्या बाई आठ दिवस गोडधोड तळत होत्या. मला वाटलं, वरसुद्धा कोंबडी, मटण, केक असं काहीतरी असणार. पण आदल्या दिवशी सकाळी मॅडमनी सांगितलं, आज मांस नाही, फक्त मासा. आणि संध्याकाळी आभाळात पहिली चांदणी दिसेपर्यंत कुणी जेवायचं नाही. साहेबसुद्धा नुसत्या काळ्या चहावर होते. मी मनात म्हटलं, म्हणजे ही यांची संकष्टी. आमचा चंद्र, यांची चांदणी. त्या दिवसापुरती ती माणसं मला एकदम कळल्यासारखी झाली.

पुढंही सगळं असंच कळत गेलं. खसखस वाटून मधात कालवायची होती. खसखस मला नवी नव्हती. बीटाचं लालभडक सार होतं, त्यात बोटभर करंज्या सोडायच्या. मॅडम करंज्यांच्या कडा काट्यानं दाबत होत्या. मी त्यांच्या हातातून घेतल्या आणि आमच्यासारखी मुरड घालून दिली, तर त्यांनी मुलीला हाक मारून दाखवली. टेबलावरच्या कापडाखाली, येशूच्या गोठ्याची आठवण म्हणून, मूठभर गवत पसरायचं होतं. ते मी देवळासमोर गाय घेऊन बसणाऱ्या बाईकडून आणलं. गाईला न घालता गवत घेऊन चालले म्हणून ती बाई माझ्याकडे बघतच राहिली. मासा त्यांना गोड्या पाण्यातला हवा होता. आता मी कोकणातली, गोड्या पाण्यातल्या माशाला आम्ही मासा म्हणत नाही. मी फडफडीत रावस आणला आणि मॅडमनी विचारलं तेव्हा नदीचाच आहे म्हणून सांगितलं. एवढं खोटं देव पोटात घालतो, त्यांचाही आणि माझाही.

संध्याकाळी टेबल मांडायला घेतलं. पांढरं कापड, मेणबत्ती, आणि मॅडम कपाटातून ताटं काढून देऊ लागल्या. एक, दोन, तीन. मग चौथं.

मी म्हटलं, “मॅडम, तीनच माणसं.”

“चार,” त्या म्हणाल्या आणि चौथ्या खुर्चीसमोर स्वतः ते ताट ठेवलं. खुर्ची नेमकी दक्षिणेच्या भिंतीशी होती. मग त्यांनी आईच्या फोटोकडे पाहिलं, खिडकीत एक वेगळी मेणबत्ती लावली आणि डोळे पुसले.

मला पुढं विचारायची गरजच उरली नाही. आमच्यात पितृपक्षात गेलेल्या माणसाचं पान वेगळं वाढतात, तसंच हे. पहिलं वर्ष, लेकीला माती द्यायलाही जाता आलं नाही, म्हणून परदेशात बसून ती आईचं पान मांडतेय. मला भरून आलं. कुणी बघत नाही असं पाहून मी त्या ताटाला हात जोडले आणि प्रत्येक पदार्थातलं थोडं थोडं एका वाटीत बाजूला काढून ठेवलं, सकाळी कावळ्याला घालायला. यांना कावळ्याचं माहीत नसेल, पण म्हातारीला उपाशी कशाला ठेवा?

मला उशीर होणार असला की नवरा न्यायला यायचा. डिलाईल रोडवरून चालत गिरगावात, आणि वाडीच्या तोंडाशी उभा. आत कधीच नाही. त्या दिवशी मी त्याला सातची वेळ सांगितली होती; गिरणीच्या भोंग्याची सवय, तो साडेसहालाच हजर. वाडीत त्या दिवशी पाहुण्यांची वर्दळ. तोंडाशी उभं राहायला जागा नव्हती, म्हणून सरकत सरकत तो आमच्या घराखाली येऊन थांबला.

वर मुलगी गॅलरीत चांदणी शोधत होती. चांदणी दिसली म्हणून ती ओरडली, आणि लगेच खाली बोट दाखवून आणखी काहीतरी ओरडली. साहेब गॅलरीत गेले, त्यांनी वाकून पाहिलं आणि धाडधाड जिना उतरले. मला काही कळायच्या आत ते माझ्या नवऱ्याला हाताला धरून वर घेऊन आले होते.

तो दारात उभा राहिला. पायात चप्पल, धुतलेला पण इस्त्री नसलेला शर्ट. साहेबांनी चौथ्या खुर्चीकडे हात केला.

“मी जेवान इलंय,” तो म्हणाला.

साहेबांना ओ की ठो कळलं नाही. त्यांनी खुर्ची मागे ओढली, त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला तिकडे नेलं. आणि माझं डोकंच फिरलं. गेली दोन वर्षं ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागलाय, त्या माझ्या माणसाला हे लोक मेलेल्याच्या पानावर बसवतात? मी स्वयंपाकघराच्या दारातून धावले आणि त्याचा दंड धरून त्याला मागं खेचलं.

“तिथं नको,” मी म्हटलं. “तुम्ही तिथं बसायचं नाही.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी अजून विसरले नाही. त्याला वाटलं, मला त्याची लाज वाटतेय. साहेबाच्या टेबलाशी हा कुठं बसणार, असं मी म्हणतेय. त्यानं दंड सोडवून घेतला आणि दाराकडे वळला.

“अहो, ते पान मेलेल्याचं आहे,” मी त्याच्या पाठीला म्हटलं. “मॅडमच्या आईचं.”

तो थांबला, पण वळला नाही. मॅडम मधे आल्या. काय झालं, काय झालं विचारू लागल्या. मी फोटो दाखवला, ताट दाखवलं, आकाशाकडे हात केला. त्यांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी माझे खांदे धरले.

“नहीं, नहीं. मां का नहीं,” त्या म्हणाल्या. “जो रास्ते में है, उसका. कोई भी. आज कोई आया तो उसको बोलना नहीं कि जगह नहीं.”

मग त्यांनी कपाटावरच्या फोटोकडे बोट केलं. “मेरी मां रखती थी. उसकी मां भी. हर साल. कभी कोई नहीं आया.”

मी त्याला ते मराठीत सांगितलं, जसंच्या तसं. हे ताट अनोळखी माणसाचं आहे. हिच्या आजीपासून दरवर्षी मांडतात. आजपर्यंत कुणी आलं नाही. मूर्खपणा माझा होता आणि त्याचं मोल तो देणार होता.

तो दारात पाठमोरा तसाच उभा. मुलगी आईच्या मागून वाकून त्याच्याकडे बघत होती. तिला भूक लागली होती, सकाळपासून तिनंही फारसं खाल्लं नव्हतं. तो येईपर्यंत कुणी बसणार नाही, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं, ते त्यालाही दिसलं असावं. त्यानं वाकून चपला काढल्या, दाराबाहेर नीट जोडीनं ठेवल्या आणि येऊन त्या खुर्चीवर बसला. खुर्चीवर मांडी घालता येत नव्हती, तर एक पाय वर घेऊन बसला.

साहेबांनी पापडासारखी पातळ पांढरी पोळी सगळ्यांना दिली. एकमेकांच्या पोळीचा तुकडा मोडून घ्यायचा असतो. मुलीनं याच्या पोळीचा तुकडा मोडला आणि आपली पुढं केली. यानंही मोडला. मी दारात उभी राहून बघत होते. आता सार वाढायचं होतं, ते गरम करायला ठेवलं होतं.

त्यानं पहिला घास तोंडात घातला नाही. हात ताटावरच ठेवून त्यानं टेबलावरून नजर फिरवली, साहेब, मॅडम, मुलगी, स्वतःचं ताट. मग साहेबांकडे बघून, गिरणीतल्या हिंदीत, शांतपणे विचारलं:

“इसका थाली किधर है?”

त्याचं बोट माझ्याकडे होतं.

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. रस्त्यावरच्या माणसासाठी त्यांनी ताट मांडलं होतं, सकाळपासून चुलीशी उभ्या असलेल्या बाईसाठी नव्हतं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही आलं नव्हतं. मी घाईघाईनं म्हटलं, “माझं काय, मी मागाहून जेवेन.”

“तू गप ऱ्हव,” तो मला म्हणाला आणि पुन्हा साहेबांकडे बघत राहिला.

दोन वर्षांत त्यानं कुणाकडे काही मागितलं नव्हतं. खाणावळीतली माणसं मला सांगायची, वहिनी, खात्यात कुणाचं काही अडलं की तुझा नवराच पुढं होऊन साहेबाला विचारतो, घाबरत नाही. मी मान डोलवायचे. मी कुठं बघायला गेले होते? ते मी त्या दिवशी पाहिलं, आणि मला इतका आनंद झाला की रडू फुटलं.

मॅडम स्वतः आत गेल्या आणि ताट घेऊन आल्या. त्यानं आपली खुर्ची सरकवून बाजूला जागा केली. मी पदराला हात पुसले आणि त्याच्या शेजारी बसले.