पाच बोटं मी दिली होती

“हात दे,” काका म्हणायचे आणि खांद्यावरचा दुपट्टा माझ्या मनगटावर टाकायचे.

तुमच्यापैकी ज्यांनी बैलबाजार पाहिला आहे त्यांना ही रीत ठाऊक असेल. कापडाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरतो. भोवतीची माणसं नुसती तोंडाकडे बघत राहतात. “कापडाखाली कोनी खोटं बोलत नाही,” असं काका म्हणत, आणि ही रीत त्यांना बैलांपुरती पुरत नसे.

वाशीमजवळ त्यांचा भाजीचा मळा होता आणि मळ्याला लागून आमची तेलगिरणी. गिरणीची कंपनी निघाली तेव्हा शेजारधर्म म्हणून त्यांनी थोडे शेअर घेतले होते. बाजारात भाजी पोचवली की ते माझ्या टेबलाशी येऊन टेकत. मी तिथे हिशेबनीस, नवाच बी.कॉम. झालेला.

“बाबू, तुही सायकल कितीची?”

“दोनशेला घेतली, काका.”

“कितीले घेतली ते कोन इचारून राह्यलं? आज इकली तं काय येईन?”

माझ्या घड्याळाला, गिरणीच्या कुत्र्याला, एकदा तर मुलगी बघून आलेल्या मलाच त्यांनी असा भाव लावला. “कालचं वांगं कालच्या भावानं जात नाही,” हे त्यांचं शास्त्र. मी हसायचो. मी शिकलो होतो ते निराळं: ताळेबंदात खरेदीची किंमत लिहायची.

गिरणीनं बरीच शिल्लक दूरच्या एका कापडगिरणीच्या शेअरांत घातली होती. ती कापडगिरणी बंद पडली. तिचे कागद कुणी फुकट घेईना, पण आमच्या ताळेबंदात ते जुन्या किमतीनं दिमाखात बसले होते. आमचे शेठ म्हणाले, “राहू द्या. नियमात आहे ना?” नियमात होतं. बँकेचं कर्ज मात्र पै न् पै खरं होतं.

मग शेठनी नागपूरला जायचं ठरवलं आणि गिरणीतले आपले सगळे शेअर काकांना देऊ केले. त्यासाठी काका मळा विकायला निघाले. मी काही बोलेन म्हणून तेच म्हणाले, “इहीर आटून राह्यली, बाबू. गिरनी काही आटत नाही.”

सौद्याच्या आधी ते आले. त्या दिवशी थट्टा नव्हती. दुपट्टा टाकला, माझा हात धरला.

“एक बोट म्हंजे वीस. कागदावरचं नोको सांगू. गिरनीच्या एका शेअरचा आजचा भाव दे.”

मेलेले कागद वजा केले, कर्ज वजा केलं, तर एक बोटसुद्धा जड होतं. दारात शेठ उभे होते. पण त्यांना काय दिसणार होतं? कापडाखाली मी काहीही सांगू शकलो असतो. मी पाचही बोटं धरून दाबली.

मळा गेला. गिरणी काकांची झाली. कापडगिरणीचे कागद हाती येताच सवयीनं त्यांनी ते पिशवीत घातले आणि एसटीनं, मेडशीवरून, अकोल्याला गेले, इकून पाहायला. परत आले ते थेट माझ्यापुढे. दलालानं चहा पाजला होता आणि पिशवी परत दिली होती.

आता हे मारणार, म्हणून मी उठून उभा राहिलो. ते खाली बसले. उजवा तळवा उघडून त्याच्याकडे बघत राहिले.

“त्या दिवशी मिरच्या तोडून आल्तो,” ते म्हणाले. “हाताची आग होऊन राह्यली होती. तू एकच बोट देल्लं असशीन. मलेच पंजा वाटला.”

एक बोट आणि पंजा, यांत कोण चुकतं? मी खोटं बोललो असेन, हे त्यांच्या मनातच येत नव्हतं. की आलं होतं, आणि त्यांनी ते आपल्या हातावर घेतलं? मला आजही कळलेलं नाही.

“कायले उभा राह्यला, बाबू? चूक माह्यी हाये.”

हीच चूक त्यांनी साऱ्या बाजाराला सांगितली. बैलबाजारातली माणसं चेकाळली. “काका, हाताले चष्मा लावा!” पुढे पुढे त्यांच्याशी कापडाखाली कुणी सौदाच करीना. एकदा त्या घोळक्यात मी होतो. सगळे हसले. मीही हसलो.

काकांना बोटं बरोबर कळली होती. हे मी त्या घोळक्यात सांगायला हवं होतं. त्यातला आता कुणी उरला नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे.

गिरणी बँकेच्या ताब्यात गेली आणि काका रिठदला लेकीकडे राहायला गेले. काही वर्षांनी कामासाठी मी त्या गावी उतरलो, तर रस्त्याकडेला एका भाजीवालीपुढे ते उकिडवे बसलेले. उभ्या जन्मात त्यांनी कधी भाजी विकत घेतली नव्हती. हातात मेथीची जुडी होती. बाई भाव सांगत होती. त्यांनी तो पुरता ऐकलासुद्धा नाही.

“तू म्हनशीन तेवढे, माय,” म्हणाले, आणि सगळी चिल्लर तळहातावर पसरून हात तिच्यापुढे धरला. ती एकेक नाणं वेचून घेत होती. ते दुसरीकडे बघत होते.