तलवारीवरची अक्षरं

रॉकेलचा वास आला की माझं डोकं आजही फिरतं. लातूर जिल्हा नवा झाला, त्या दुष्काळात आमच्या तळ्यातला गाळ काढताना गंजलेली तलवार सापडली. शाळेत ठेवावी म्हणून मी ती आठ दिवस रॉकेलच्या बोळ्याने पुसली, तेव्हा कुठे पात्यावर अक्षरं दिसू लागली. ती वाचणारं कुणी भेटेल म्हणून तलवार घरीच ठेवून लातूरला गेलो, तर नव्या कचेरीत म्हणाले, जुन्या जिल्ह्याला जा. परतलो, तर शेजारच्या लोहाराने तलवार भट्टीत तापवून, ठोकून, धार लावून ठेवलेली! "गुरुजी, तुमी आठ दिस घासत बसला, म्या घंट्यात नवीकोरी केली बगा. शाळेचं काम हाय!" पात्यावर एकही अक्षर उरलं नव्हतं. मी निवृत्त झालो, पण तलवार अजून शाळेच्या भिंतीवर आहे आणि येणारा प्रत्येक साहेब विचारतो, "कुठल्या दुकानातून आणली?"