शेजाऱ्यांचे मार्क आणि परबकाकांची सही

आमच्या कट्ट्यावर विषय कितीही मोठा काढा, शेवटी हातात उरतो तो किस्साच! लालबागमधल्या आमच्या चाळीचं तळमजल्यावर एक वाचनालय आहे. शनिवारी संध्याकाळी आम्ही तिथे जमतो. मी ज्योती, नोकरी विमा कंपनीत, तोंड बंद ठेवायची सवय नाही. माझी मैत्रीण संगीता कांबळे शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. बंड्या सावंतला जगातलं सगळंच माहीत असतं. आणि वाचनालयाचे अध्यक्ष परबकाका. मी फ्रॉक घालायची तेव्हापासून तेच अध्यक्ष!

काकांची एक खोड. समोर कागद आला की वाचायच्या आधी सही, आणि सहीखाली 'अध्यक्ष'. माझ्या भाचीची लग्नपत्रिका द्यायला गेले, तर तिच्यावरही सही करून मला परत दिली!

*

एका शनिवारी बंड्याने टूम काढली. "दक्षिण आशियात लोकशाही कुणाची भारी? चला, मार्क देऊया!"

फळ्यावर देश लिहिले. पाकिस्तान आला. बंड्या म्हणाला, "तिकडे एकाही पंतप्रधानाने टर्म पूर्ण केलेली नाही." नेपाळ आला. "तिकडे मी एक नाव पाठ करतो, तोवर दुसराच आलेला असतो!" बांगलादेशला तर पठ्ठ्या खुर्चीवरून उठलाच. "पोरं रस्त्यावर उतरली आणि सरकार गेलं ना रे!"

मग श्रीलंका. "लोक डायरेक्ट राष्ट्राध्यक्षांच्या बंगल्यात घुसले! त्यांच्या स्विमिंग पूलमध्ये पोहले!"

काका झटकन उठले. आम्हाला वाटलं, चहा सांगायला चालले. तर वाचनालयाच्या दाराची कडी नीट लागते की नाही, ते बघून आले!

*

"आणि आपण?" कुणीतरी विचारलं.

"पैकीच्या पैकी!" बंड्या.

"स्वतःचे मार्क स्वतःच द्यायचे असते ना, तर माझ्या वर्गातली सगळी पोरं बोर्डात आली असती," संगीता म्हणाली.

झालं! बंड्या म्हणे, आपल्याकडे हरलेला माणूस निमूट घरी जातो, हे काय कमी आहे? संगीता म्हणे, मत देऊन भागत नाही, मधल्या काळात प्रश्न विचारला तर उत्तर मिळतं का, ते बघ. आवाज इतके चढले की वरच्या गॅलरीतून गावडेकाकू ओरडल्या, "अगो, भांडण कोणाचा?"

"भारताचं!" मी खालून ओरडले.

"मगे चलांदे," म्हणाल्या आणि धुणं वाळत घालायला लागल्या.

शेवटी भारतापुढे 'चर्चा चालू' असं लिहिलं. काकांनी खडू घेतला आणि फळ्याच्या कोपऱ्यात सही ठोकली. अध्यक्ष!

*

संगीता कसली गप्प बसते! तिने तीन प्रश्न काढले. खुर्चीवरचा माणूस हरू शकतो का? हरला तर घरी जातो का? मत देताना कुणाची भीती वाटते का? सगळ्या देशांना लावून झाले आणि बाई म्हणाली, "आता हेच आपल्या वाचनालयाला लावा."

सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या.

तिचं दुखणं मला ठाऊक होतं. तिची मुलगी प्रेरणा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. घरी एक खोली, माणसं पाच आणि टीव्ही. रात्री आठला काका वाचनालयाला कुलूप लावतात, मग पोरगी जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली पुस्तक घेऊन बसते. संगीताने कितीदा विनवलं, तर एकच उत्तर, "रात्रीच्या मुली हयसर कित्याक?" मुलींनी रात्री इथे यायचंच कशाला, म्हणे! मला तर इतका राग यायचा!

"या वर्षी अध्यक्षपदाला मी उभी आहे," संगीता म्हणाली. "वाचनालय अकरापर्यंत उघडं."

"रव की उभी!" काका हसले. "सभेत ठरतला."

काका का हसले, सांगते. आमच्या वार्षिक सभेत काका स्वतःच विचारतात, "माझ्या नावाक कोणाचो विरोध?" आणि नेमके त्याच वेळी गरमागरम बटाटेवडे आत येतात. तोंड भरल्यावर विरोध कोण करणार? बिनविरोध!

"या वेळी गुप्त मतदान," संगीता म्हणाली. "आणि वडे मतमोजणीनंतर."

चाळ हादरली. गुप्त मतदानाने नव्हे, वड्यांनी!

*

सभेच्या आधीच्या शनिवारी भूतान निघालं. बंड्या सांगत होता, तिथे लोकांनी लोकशाही मागितलीच नव्हती. राजानेच सांगितलं, आता तुमचं तुम्ही निवडा. लोक म्हणाले, नको, तुम्हीच बरे! तर त्याने आधी सरावाची निवडणूक घेतली, मग खरी.

"म्हणजे राजा आपणहून उठलो?" काकांनी विचारलं. "कोणी ढकलूक नाय?"

"कुणी नाही, काका."

"आणि मगे लोकांनी तेका काय म्हटल्यानी?"

"अजून मान देतात."

काका उठले. चहासुद्धा तसाच ठेवून घरी गेले. मला वाटलं, बीपी वाढलं.

*

सभेच्या दिवशी काका एकदम फॉर्मात! नियम त्यांनीच वाचला. "चिठ्ठी कोणाची ता कळता नये. खूण दिसली तर चिठ्ठी बाद. मगे रडूक नको!" मतं मोजायला मी.

मी एकेक चिठ्ठी उघडून मोठ्याने वाचू लागले. एक काका, एक संगीता, परत काका. बंड्या फळ्यावर रेघा मारत होता. प्रेरणा पुस्तक छातीशी धरून दारात उभी. वडे बाहेर निवत होते आणि कुणालाही त्यांची आठवण नव्हती. दोघं बरोबरीत आले आणि डब्यात एकच चिठ्ठी उरली.

उघडली. नाव होतं संगीताचं.

खाली ठसठशीत सही. आणि सहीखाली, 'अध्यक्ष'.

मी चिठ्ठी सगळ्यांना दाखवली. संगीता काकांकडे बघतच राहिली. काकांनी आधी चिठ्ठीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पेनाकडे, आणि पेन खिशात टाकलं.

"खूण आहे!" बंड्या पुटपुटला. "नियमाने ही बाद..."

"गप रे!" काका गरजले. "अध्यक्षाची सही आसा तेच्यार, बाद कशी होतली? वडे आणा!"